जुनी हायब्रिड, विजेची गाडी आणि पांडेसऱ्याची हवा

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने यंदा माझ्याकडून बालदम्यावर लेख मागितला होता. तो मी लिहावयास घेतलाही. परंतु गेले चार महिने आमच्या घरी, गॅरेजमध्ये आणि रुग्णालयातील चहाच्या टेबलावर एकाच विषयाची चर्चा चालू आहे. आमची जुनी हायब्रिड मोटार काढून टाकून विजेवर चार्ज होणारी नवी मोटार घ्यावी की न घ्यावी, हा तो विषय. त्याचा छडा लावता लावता मी पुन्हा बालदम्यापाशीच येऊन पोहोचलो. म्हणून संपादकांची क्षमा मागून दोन्ही विषय एकत्रच मांडतो.

प्रथम गाडीची हकीकत. ती मी २०१४ साली घेतली. त्या काळी सुरतेत हायब्रिड गाड्या इतक्या थोड्या होत्या की, सिग्नलवर माझ्या गाडीचे इंजिन आपोआप बंद पडले की शेजारचा रिक्षावाला सहानुभूतीने पाहत असे. पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर एकाच गाडीत, ब्रेक लावताना वाया जाणारी शक्ती परत बॅटरीत, वेग कमी असताना चालणे विजेवर, असा तो प्रकार. जपानमध्ये अशी पहिली मोठ्या संख्येने विकली गेलेली गाडी, टोयोटाची प्रियस, डिसेंबर १९९७ मध्ये आली. भारतात ती २०१० साली पोहोचली. मी गाडी घेतली तेव्हा पर्यावरणावर मित्रांना बरीच व्याख्याने दिली. आज वयाच्या पन्नाशीनंतर कबूल करावयास हरकत नाही की, त्यात पर्यावरणाचे प्रेम निम्मे होते आणि उरलेले निम्मे, 'डॉक्टरांची गाडी काही वेगळीच आहे' हे ऐकण्याचे सुख होते. हे मुद्दाम सांगतो, कारण या खेपेस निर्णय घेताना तेच सुख पुन्हा आडवे येत होते.

गेल्या उन्हाळ्यात गाडीच्या काट्यांशेजारी एक तांबडा दिवा लागला. गॅरेजमध्ये संगणक जोडून तपासणी झाली आणि निदान असे निघाले की, मागच्या सीटखालची मोठी बॅटरी थकली आहे. या बॅटरीची रचना आपल्यासारख्यांना चटकन समजेल. निकेल-मेटल हायड्राइडच्या अनेक लहान खंडांची ती एक माळ असते. माळेतील एक-दोन खंड दुर्बळ झाले की सारी माळ त्यांच्याच शक्तीने चालू लागते. बाकीचे निरोगी असूनही उपयोग नाही. शिवाय ही बॅटरी थंड ठेवण्यासाठी गाडीच्या आतली हवा मागच्या सीटजवळच्या जाळीतून ओढून घेतली जाते. ती जाळी मेस्त्रीने उघडून माझ्या हातात दिली, तेव्हा मी अक्षरशः चकित झालो. तिच्यावर करड्या रंगाचा, बोटाच्या पेराएवढा जाड थर बसला होता. त्यात कापडाचा तंतू होता, धूळ होती आणि काजळी होती. मेस्त्री हसून म्हणाला, ''साहेब, ही पांडेसऱ्याची गाडी आहे, जाळी बघूनच कळतं.''

मी ती जाळी कागदात गुंडाळून रुग्णालयात आणली. आजही ती माझ्या टेबलाच्या खणात आहे.

नव्या बॅटरीचा खर्च दीड ते पावणेदोन लाखांच्या घरात सांगितला गेला. सडलेले खंड तेवढे बदलून माळ पुन्हा जुळवून देणारे कारागीरही आता आहेत; त्यांचा खर्च त्याच्या निम्म्याहून कमी. बारा वर्षांच्या गाडीवर एवढा पैसा घालावा काय, हा प्रश्न येथून सुरू झाला. त्यात पेट्रोलचीही भर पडली. २०२५ पर्यंत देशभर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल आले. दहा टक्क्यांसाठी जुळविलेल्या जुन्या चारचाकीचे मायलेज त्याने सहा-सात टक्क्यांनी घटते, असे नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच म्हटले होते. माझ्या गाडीचे सतराचे सोळावर आले, ते त्यामुळे की थकलेल्या बॅटरीमुळे, हे सांगणे मात्र कठीण आहे. दोन व्याधी एकत्र असलेल्या रुग्णाचे असेच होते.

चिरंजीव म्हणाले, ''बाबा, आता पुढची पायरी घ्या, पूर्ण विजेची घ्या.'' सौभाग्यवतींचे म्हणणे असे की, धुळ्याला जाताना रस्त्यात अडकून पडलो तर कोण येणार? मधला मार्ग म्हणून कोणीतरी प्लग-इन हायब्रिड सुचविली. म्हणजे घरी चार्ज करून पन्नासेक किलोमीटर विजेवर आणि पुढे पेट्रोलवर. ऐकावयास उत्तम. परंतु आपल्याकडे तशा गाड्या आजवर प्रामुख्याने परदेशी कंपन्यांच्या अत्यंत महागड्या श्रेणीतच आल्या आहेत. जेथे त्या मुबलक आहेत त्या युरोपातला अनुभवही विचार करावयास लावणारा आहे. युरोपीय आयोगाने मार्च २०२४ मध्ये प्रत्यक्ष रस्त्यावरच्या गाड्यांची आकडेवारी प्रसिद्ध केली, तेव्हा प्लग-इन हायब्रिडचे प्रत्यक्ष उत्सर्जन प्रयोगशाळेतील आकड्याच्या सुमारे साडेतीन पट निघाले. मुख्य कारण साधे आहे. गाडी घेतली, पण लोकांनी ती पुरेशी चार्ज केलीच नाही. आपण इन्हेलर लिहून देतो, आई तो आणते, कपाटात ठेवते आणि तीन महिन्यांनी मूल पुन्हा नेब्युलायझरवर येते, त्यातलाच हा प्रकार. असो. मध्यम मार्ग आमच्यापुरता मिटला. उरले दोनच पर्याय: जुनी दुरुस्त करणे, नाहीतर पूर्ण बॅटरीची नवी घेणे.

आता हिशेब. माझी रोजची धाव वीस किलोमीटरच्या आत-बाहेर. घर, रुग्णालय, एक-दोन नवजात अर्भकांच्या तपासण्या आणि परत. वर्षातून सहा वेळा धुळे. एकूण नऊ हजार किलोमीटर. लिटरला सोळा आणि पेट्रोल पंचाण्णवच्या आसपास धरले तर वर्षाला त्रेपन्न-चोपन्न हजार रुपये. विजेची मोटार एका युनिटवर साडेसहा किलोमीटर जाते असे मानू व युनिटचे आठ रुपये धरू. वर्षाला अकरा हजार. म्हणजे बचत बेचाळीस हजारांची आणि त्यासाठी घालावयाचे पंधरा-सोळा लाख! बचतीने गाडीची किंमत भरून येईपर्यंत माझ्या नातवाला दाढी फुटेल. सरकारने कराच्या वाटेने ही दरी कमी केली आहे हे खरे. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला तेव्हा हायब्रिडवर उपकरासह ४३ टक्के आणि विजेच्या गाडीवर १२ टक्के कर होता. ऑगस्ट २०१९ पासून विजेच्या गाडीवर ५ टक्केच राहिला. २२ सप्टेंबर २०२५ च्या फेररचनेत लहान हायब्रिड १८ वर आणि मोठ्या ४० वर आल्या. गुजरात सरकारनेही २०२१ पासून चार वर्षांच्या धोरणात प्रत्येक किलोवॅट-तासामागे दहा हजार रुपये, मोटारीस जास्तीत जास्त दीड लाख, असे अनुदान दिले होते. हे सर्व ध्यानात घेऊनही ज्याची गाडी दिवसातले बावीस-तेवीस तास उभीच असते, त्याला पैशाच्या हिशेबाने ती घेता येत नाही.

''पैशासाठी कोण घेतो आहे? पृथ्वीसाठी घ्यायची,'' चिरंजीव म्हणाले. म्हणून पृथ्वीचाही हिशेब मांडला. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या आकड्यांनुसार आपल्या ग्रिडच्या एका युनिटमागे सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. चार्जिंगमधील गळती धरता विजेच्या गाडीच्या वाट्याला किलोमीटरमागे एकशेवीस ग्रॅम येतात. एक लिटर पेट्रोल जळल्यावर सुमारे २.३ किलो, म्हणजे माझ्या जुन्या हायब्रिडचे किलोमीटरमागे एकशेचव्वेचाळीस. पेट्रोल शुद्ध करण्यात व आणण्यात जाणारा भाग मिळविला तर फरक पन्नासपर्यंत जाईल. वर्षाला नऊ हजार किलोमीटरवर हा फरक सव्वादोनशे ते साडेचारशे किलो. इकडे नव्या गाडीची बॅटरी तयार होतानाच दोन-चार टन कार्बन डायऑक्साइड हवेत गेलेला असतो. तो फेडता फेडता माझी निवृत्ती येईल. आपल्या शेजारी तापी जिल्ह्यात काकरापारचे ७०० मेगावॅटचे दोन नवे अणुसंच २०२३ व २०२४ मध्ये व्यापारी उत्पादनात आले आणि गुजरातेत सौरऊर्जाही झपाट्याने वाढते आहे, तेव्हा वीज पुढे स्वच्छ होत जाईल. ज्यांच्या बंगल्यावर स्वतःचे छत आहे त्यांचे गणित तर आजच निराळे आहे; छतावरचा एक किलोवॅट सौर संच दिवसाला चारेक युनिट देतो आणि माझ्यासारख्याची रोजची धाव तेवढ्यात भागते. मी मात्र अपार्टमेंटमध्ये राहतो.

आणखी एक गोष्ट आपण सोयीस्करपणे विसरतो. मी जुनी गाडी विकली म्हणून ती नाहीशी होत नाही. ती व्याऱ्याला किंवा बारडोलीला कोणी घेईल आणि माझ्या दुप्पट चालवील.

येथवर वाचून कोणास वाटेल की, डॉक्टरांना विजेच्या गाड्यांविषयी आकस आहे. तसे नाही. माझा मुद्दा पुढे आहे आणि तो माझ्या ओपीडीतून आला.

दिवाळीनंतरच्या थंडीत आपल्याकडे दुपारपर्यंत धुरकट पडदा खाली उतरलेला असतो. त्या दिवसांत माझ्या ओपीडीत छातीत घरघर असलेली मुले सर्वांत जास्त येतात. अशाच एका सकाळी साक्रीकडची एक बाई चार वर्षांच्या मुलाला घेऊन आली. नवरा प्रिंटिंग मिलमध्ये, राहणे मिलच्या मागच्या चाळीत एका खोलीत. महिन्याभरातली मुलाची ही तिसरी खेप. नेब्युलायझर लावला, औषधे लिहिली आणि सवयीने सांगितले, ''ताई, याला धुरापासून दूर ठेवा.'' तिने अहिराणीत विचारले, ''मंग याले कथा लई जाऊ, डाक्टरसाहेब?'' त्या प्रश्नात राग नव्हता. तिला खरोखरच ठिकाण हवे होते. माझ्यापाशी उत्तर नव्हते. त्याच दिवशी संध्याकाळी मी शोरूममध्ये विजेच्या गाडीची चाचणी-फेरी घेणार होतो. घेतली. गाडी फारच सुरेख, निःशब्द चालते. परंतु त्या निःशब्द गाडीत बसून मी बमरोली रस्त्यावरून परतलो तेव्हा मनात एकच विचार होता की, या गाडीमुळे त्या मुलाच्या फुप्फुसात नेमके किती कण कमी जातील? उत्तर शून्याच्या जवळचे होते. पेट्रोलवर चालणारी, नीट निगा राखलेली हायब्रिड मोटार हा आपल्या परिसरातील धुराचा फारच लहान हिस्सा आहे. टायर व रस्त्याची धूळ तर विजेची गाडीही उडविते.

मग मोठा हिस्सा कोणाचा? पांडेसऱ्यात राहणाऱ्यास हे सांगावयास नको. डाइंग-प्रिंटिंग मिलला वाफ लागते, वाफेला बॉयलर आणि बॉयलरला कोळसा व लिग्नाइट. या बाबतीत आपल्या शहराने एक असे काम केले आहे की त्याची माहिती आपल्यापैकी पुष्कळांना नसते. गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१९ साली सुरतेतील तीनशेहून अधिक कारखान्यांच्या, मुख्यतः कापड उद्योगातल्या, चिमण्यांवर सतत मोजमाप करणारी यंत्रे बसवून सूक्ष्म कणांच्या उत्सर्जनाचा परवाना-बाजार सुरू केला. सर्वांनी मिळून किती कण सोडावयाचे याची मर्यादा ठरली. ज्याने कमी सोडले त्याने उरलेले परवाने विकावेत, ज्याने जास्त सोडले त्याने विकत घ्यावेत. सूक्ष्म कणांसाठी असा बाजार जगात प्रथम येथे उभा राहिला. शिकागो व येल विद्यापीठांतील अर्थशास्त्रज्ञांचा त्यावरील अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. बाजारात सामील झालेल्या कारखान्यांचे उत्सर्जन, जुन्या पद्धतीने तपासणी होणाऱ्या कारखान्यांच्या तुलनेत, वीस ते तीस टक्क्यांनी कमी झाले होते. ही घट किती मोठी आहे हे पाहावयाचे असेल तर शहरातील सर्व डॉक्टरांनी एकाच दिवशी मोटारी बदलल्या अशी कल्पना करून पाहावी.

सप्टेंबर १९९४ च्या प्लेगच्या वेळी मी वैद्यकीय शिक्षण घेत होतो. सुरतेहून माणसांनी ओसंडणाऱ्या गाड्या खानदेशात येत होत्या आणि स्टेशनांवर टेट्रासायक्लिनच्या गोळ्या वाटल्या जात होत्या. पुढे एस. आर. राव महापालिकेचे आयुक्त झाले आणि दोन वर्षांत या शहराने जी स्वच्छता करून दाखविली तिची देशभर वाखाणणी झाली. कचरा उचलला गेला तो कोणा एकाने आपले अंगण झाडले म्हणून नव्हे, तर सर्व शहराच्या कचऱ्याची रोज व्यवस्था लागली म्हणून.

तेव्हा वैयक्तिक गाडी बदलणे निरर्थक काय? येथे मला माझ्या कंपाउंडरच्या मोटारसायकलने वाट दाखविली.

आमच्या रुग्णालयाचा एक मुलगा दिवसभर रक्ताचे नमुने प्रयोगशाळेत पोहोचविणे, लसी आणणे, रिपोर्ट आणणे यासाठी फिरतो. एके दिवशी सहज त्याच्या गाडीचा आकडा पाहिला. रोजचे साठ किलोमीटर. महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर वर्षाला अठरा हजारांच्या वर, म्हणजे माझ्या मोटारीच्या दुप्पट! लिटरला पंचेचाळीस धरले तरी वर्षाचे पेट्रोल एकोणचाळीस-चाळीस हजारांचे. विजेची स्कूटर युनिटला तीसपस्तीस किलोमीटर जाते. वर्षाचा खर्च चार-पाच हजार. सव्वा लाखाची स्कूटर साडेतीन वर्षांत फिटते आणि बॅटरीची हमी बहुधा त्याहून मोठ्या मुदतीची असते. कार्बनच्या हिशेबातही मोटारीच्या बाबतीत फरक जेमतेम होता, येथे किलोमीटरमागचे उत्सर्जन निम्म्याहून खाली येते. शिवाय ती मोटारसायकल दिवसातून दहा वेळा नेमकी कोठे सुरू होते व थांबते? माझ्या ओपीडीच्या दारात, जेथे दम्याची मुले रांगेत बसलेली असतात.

बालरोगतज्ज्ञ म्हणून यात एक गोष्ट सांगणे माझे कर्तव्य आहे. नवजात अर्भक मिनिटाला चाळीस ते साठ श्वास घेते, आपण बारा ते वीस. शरीराच्या वजनाच्या मानाने लहान मूल मोठ्या माणसाच्या सुमारे दुप्पट हवा आत घेते. फुप्फुसातील वायुकोशांची बहुतांश वाढ जन्मानंतरच्या पहिल्या काही वर्षांत होते. आणि रस्त्यावर चालणाऱ्या चार वर्षांच्या मुलाचे नाक धुराड्यांच्या उंचीच्या जवळ असते, आपले दोन हात वर. त्यामुळे मुलाच्या दृष्टीने शहराच्या सरासरीइतकेच महत्त्व शाळेच्या फाटकाजवळच्या, दवाखान्याच्या दारातल्या आणि चाळीच्या बोळातल्या हवेला आहे. या तिन्ही ठिकाणी धूर कोण सोडतो? शाळा सुटेपर्यंत इंजिन चालू ठेवून उभ्या असणाऱ्या व्हॅन, ताके वाहणारे 'छोटा हत्ती', नमुने व औषधे पोहोचविणाऱ्या दुचाक्या. रिक्षा बहुतेक सीएनजीवर आहेत, त्यांचा दोष तुलनेने कमी. ही सर्व चाके दिवसभर फिरतात. विजेवर प्रथम यावयास हवीत ती ही. सुरत महानगरपालिकेने विजेच्या बसगाड्या रस्त्यावर आणल्या, ते यासाठीच योग्य पाऊल होते. बस दिवसभर पळते, माझी मोटार पार्किंगमध्ये झोपते.

आमचे एक अस्थिरोगतज्ज्ञ मित्र माझ्याशी मुळीच सहमत नाहीत. त्यांनी दोन वर्षांपूर्वी विजेची मोटार घेतली आणि ती घेऊन ते सुरत–धुळे महामार्गाने, सोनगड, नवापूर, कोंडाईबारी घाट करीत, अनेकदा गेले आहेत. वाटेत हॉटेलच्या आवारात चार्जर मिळतो, चहा होईपर्यंत बरीचशी बॅटरी भरते आणि घाट उतरताना थोडी वीज परतही मिळते. अडकून पडण्याची सौभाग्यवतींची भीती त्यांनी बरीचशी दूर केली. (नवापूरचे रेल्वे स्टेशन अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे, हे वाचकांस ठाऊक असेलच. घरी अहिराणी, बाजारात गुजराती आणि मिलमध्ये हिंदी बोलणारे आपण सुरतेचे खानदेशीही एका परीने हायब्रिडच.) मित्राचा युक्तिवाद असा की, समाजात डॉक्टर जे करतो ते लोक पाहतात, डॉक्टरने विजेची गाडी घेतली की चार व्यापारी घेतील, मागणी वाढेल, चार्जर वाढतील आणि मग टेम्पोवालाही वळेल. या म्हणण्यात तथ्य आहे. २०१४ साली मी स्वतः हेच बोलत होतो. परंतु बारा वर्षांच्या अनुभवाने सांगतो, माझी हायब्रिड पाहून कोणा टेम्पोवाल्याने काही घेतले नाही. त्याला पाहावयाचा असतो तो त्याच्यासारख्याच टेम्पोवाल्याचा महिन्याचा हिशेब.

ज्यांची गाडी खरोखरच मोडीत निघाली आहे, ज्यांची रोजची धाव पन्नास-साठ किलोमीटरची आहे आणि ज्यांना स्वतःची पार्किंगची जागा आहे, त्यांनी विजेची मोटार अवश्य घ्यावी, असेच माझे मत आहे. उधना, डिंडोली, लिंबायत आणि पांडेसरा या चार ठिकाणी व्हिजिट करणाऱ्या भूलतज्ज्ञाने ती का घेऊ नये? अपार्टमेंटमध्ये सोसायटीचे सेक्रेटरी चार्जरला हरकत घेतात, ही तक्रार मी तीन सहकाऱ्यांकडून ऐकली. घरी खासगी चार्जिंग करण्यास केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने २०१८ च्या मार्गदर्शक तत्त्वांतच मुभा दिली आहे, तो कागद दाखवावा. मात्र सेक्रेटरीची एक हरकत मला मान्य आहे. ऑगस्ट २००६ मध्ये तापीचे पाणी शहरात शिरले तेव्हा कितीतरी तळघरांतल्या गाड्या छतापर्यंत बुडाल्या. जून २०२५ मध्ये खाड्यांच्या पुराने पुन्हा आठवण करून दिली. तेव्हा चार्जरचा बोर्ड तळघरात न बसविता वरच्या पातळीवर बसवावा.

माझ्यापुरता निर्णय झाला आहे. हायब्रिडच्या बॅटरीतील दुर्बळ खंड बदलून घ्यावयाचे, जाळी दर तीन महिन्यांनी साफ करावयाची आणि गाडी आणखी तीन-चार वर्षे चालवावयाची. नव्या मोटारीसाठी बाजूला ठेवलेल्या रकमेतून दोन विजेच्या स्कूटर घेतल्या. एक नमुने पोहोचविणाऱ्या मुलास, एक रात्रपाळीच्या सिस्टरला. चिरंजीव नाराज आहेत. त्यांना वाटते, बाबा म्हातारे झाले. कदाचित झालोही असेन.

मंडळापुढे मी दोन प्रस्ताव ठेवणार आहे आणि त्यावर मतभेद होणार हे मला ठाऊक आहे. एक, आपल्या सभासदांच्या दवाखान्यांतील आणि प्रयोगशाळांतील नमुने-वाहक दुचाक्या दोन वर्षांत विजेवर आणाव्यात. एकत्र खरेदी केली तर दरही बरा मिळेल. दुसरा प्रस्ताव अधिक अवघड आहे. आपण सर्वांनी ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळात घरघर घेऊन येणाऱ्या पाच वर्षांखालील मुलांची साधी नोंदवही ठेवावी. तारीख, वय आणि राहण्याचा भाग, एवढेच. नाव नको. चिमण्यांचे आकडे मंडळाच्या यंत्रांत आहेत. मुलांचे आकडे कोणाकडेच एकत्र नाहीत. दोन हिवाळ्यांच्या नोंदी घेऊन आपण प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आणि मिल असोसिएशनकडे गेलो तर आपल्या बोलण्यास आधार राहील. आपले पुष्कळ रुग्ण याच मिलच्या पगारावर जगतात, मिल बंद पाडणे हा आपला हेतू नाही आणि असूही नये, हे मी तेथेही सांगेन. काही सभासद म्हणतील की, कारखानदार आपल्या रुग्णालयांचे दाते आहेत, त्यांना दुखवू नये. त्यांच्यासाठी मी ती कागदात गुंडाळलेली जाळी सभेस घेऊन येणार आहे.

साक्रीच्या त्या बाईचा मुलगा सध्या बरा आहे. स्पेसर लावून इन्हेलर कसा द्यावा हे तिने दोनदा माझ्यासमोर करून दाखविले. खोली मात्र तीच आहे.

मासिक सभा महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी आहे. माझी गाडी त्या आठवड्यात गॅरेजमध्ये असेल, तेव्हा उधना बाजूने येणाऱ्या कोणी मला वाटेत घ्यावे; नाहीतर मी रिक्षाने येईन.